साडूची दांडी सरळ

"कलेत स्पर्धा नसते, साधना असते!" पोस्टातल्या पार्सलच्या रांगेतला गृहस्थ बायकोला म्हणाला. मागे उभ्या असलेल्या एका घड्याळजीने आदराने कान टवकारले.

"मग भावजींच्या आधी गिटार जोडून पुरी व्हायला हवी म्हणून दांडी न तपासताच कुणी चिकटवली?"

"किटमध्येच वाकडी आली, त्याला मी काय करू? तेच किट त्यांनीही मागवलं, तर त्यांची दांडी सुतासारखी सरळ!"

"त्यांनी आधी पट्टी लावून बघितली होती."

"बघणारच! पेन्सिलीला टोक काढतानाही पट्टी लावणारा माणूस. आणि तुझी ताई सांगत सुटते, गिटार किती गोड वाजते म्हणून. माझी वाजत नाही का?"

"वाजते की. फळीवरून डबे पडल्यासारखी."

"ही बदली दांडी बसू दे, मग बघ. तुझे भावजी गिटार माळ्यावर टाकतील."

"पण ती चिकटवलेली निघायची कशी?"

"वाफ दिली की सांधा सुटतो. सोपं असतं."

"किती वेळ द्यायची?"

गृहस्थाने खिडकीतून लांबट खोकं घेतलं, चारही बाजूंनी न्याहाळलं आणि आवाज खाली आणला.

"भावजींना फोन लाव आणि विचार. शेजाऱ्यांना हवंय म्हणून सांग."