खालची पट्टी

बिघाड असल म्हणू नका, आधी पूरं ऐकून घ्या.

वाटूरला माझ्या घरी नवा कंप्युटर आल्ता. आमचा दोस्त सलीम लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. त्यानं कीबोर्ड कंप्युटरला जोडून मला गाण्यांच्या मिडी फाइली करून देल्त्या. त्याच्यात आवाज नसतो, कोणती पट्टी कधी दाबली एवढंच असतं. स्क्रीनवर प्रत्येक सुराची एक रेघ दिसती. फाइल लावायची अन् आपण गायचं.

मी अंतऱ्याला कायम उशिरा घुसायचो. म्हणून सलीम अंतऱ्याआधी सगळ्यात खालची पट्टी एकदा दाबायचा. "ही वाजली की गा," म्हणायचा.

पुढं घनसावंगीच्या रस्त्याला जीप उलटली अन् सलीम गेला. मंग ती पट्टी मला ऐकवंना. मी तिच्या सगळ्या रेघा पुसल्या, सगळ्या फाइली सेव्ह केल्या.

महिन्यानं एका दुपारी त्याचे अब्बा आले. "सलीम का बजाया हुवा सुनाव बेटा."

मी त्यातली एक फाइल लावली, अब्बा डोळे मिटून ऐकू लागले. अंतरा जवळ आला अन् खालची पट्टी वाजली. मी स्क्रीनकडं पाह्यलं. तिथं रेघ न्हाई. मी गायलो न्हाई, अंतरा तसाच गेला.

दुसऱ्या अंतऱ्याआधी परत वाजली, यावेळेस जोरात.

अब्बांनी डोळे उघडले न्हाईत. "गाव ना," म्हणले, "कब से बुला रहा है."

त्या दिवशी जिंदगीत पहिल्यांदा मी बराबर वेळेवर घुसलो.