खाणीवर गेलेली माझी माणसं

माझा जन्म परळचाच, चाळीतला. वडील गिरणीत होते, मूळ आम्ही रत्नागिरीकडचे. आमच्याकडं गाव सोडून मुंबईत यायची माणसं, मुंबई सोडून कोण जातंय कामाला? म्हणून माझा संदीप बोलला, आई, चंद्रपूरकडं कोळशाच्या खाणीत नोकरी लागली, कायमची, तेव्हा मला वाटलं चेष्टा करतोय.

मी इथं हॉस्पिटलात आया. पोरगा एकटाच, त्याचे वडील आधीच गेले. मी बोलले, अरे, जमिनीखाली? तो हसला, बोलला, खाली मोठे पंखे असतात गं, हवा इथल्यापेक्षा बरी. सून कविता तर खूश. क्वार्टर मिळेल, घरात संडास असेल बोलायची, आणि तिचं काय चुकलं सांगा, सकाळची बादली घेऊन लायनीत तीच उभी राहायची ना. चाळीतल्या बाया बोलल्या, नशीब काढलं पोरानं. मी पण पेढे वाटले. दोघं लेकीला घेऊन गेली. पण काय सांगू तुम्हाला, तो खाली असायचा तेवढा वेळ माझं चित्त वॉर्डात नसायचं, आता वर आला असेल, आता आंघोळ करत असेल, हेच चालायचं.

मग एक दिवस खाणीचं छत बसलं. कविताचा फोन आला, रडत नव्हती ती, नुसती बोलली, आई, तुम्ही या. मी गेले तर खाणीच्या तोंडाशी बायकाच बायका. त्याला वर काढला, तोंड सगळं काळं. मीच पुसलं. हॉस्पिटलात किती जणांची पुसलीत, तसंच त्याचं कानामागचं पण पुसलं.

घरातल्या एकाला नोकरी देतो, साहेब बोलले. कविता बोलली, मी करते. मी ओरडले तिच्यावर, त्या जागेनं माझा पोरगा गिळला नि तू तिथंच राहणार? ती बोलली, आई, मुंबईत येऊन भांडी घासू? पोरीला कशावर शिकवू? मी पोरीचे कपडे पिशवीत भरले, तिला इकडं घेऊन आले.

आता ती तिथं दिव्यांच्या खोलीत आहे. खाली उतरणाऱ्यांना टोपीचे दिवे देते, वर आले की परत घेते. नात माझ्याकडं, इथल्याच शाळेत. पाळी सुटली की कविताचा फोन येतो, पहिलं हेच बोलते, आई, आज सगळे वर आले. कोणाची कोण ती पोरं, मी तोंडं पण बघितली नाहीत त्यांची. तरी बोलते, बरं झालं गं बाय, उद्या पण येऊ देत.