मैना पाष्टे हिची ओळख

दि. २४/०४/२०२५

नाव नम्रता अभय शिवलकर, वय ३६ वर्षे, व्यवसाय चित्रोपचार, रा. मांडवी, रत्नागिरी.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की, मी शहरातील महिलांच्या एका निवारा केंद्रात दर मंगळवारी जाते. मानसिक आजारातून बऱ्या होत असलेल्या बायकांकडून चित्रे काढून घेऊन त्यांना बोलते करणे, हे माझे काम आहे.

मैना विठू पाष्टे, वय ४४, मूळ रा. पावस, ही तेथे सहा वर्षे होती. ती दर वेळी घर काढी. दारात भाऊ राजाराम काढी, स्वतःला काढत नसे. मी सांगून सांगून जानेवारीत तिने स्वतःला भावाशेजारी काढले. ही प्रगती म्हणून मी नोंद केली.

डॉक्टरांनी ती बरी असल्याचे लिहून दिले होते. तरी भाऊ न्यायला येईना. म्हणून दि. २२/०३/२०२५ रोजी मी ते चित्र घेऊन पावसला गेले. राजाराम यांनी चहा दिला. ते म्हणाले, "माझ्या मुलीची, राहीची सोयरीक जमतेय. आत्या वारली, असं आम्ही पाहुण्यांना सांगितलंय. आता कुठून आणू तिला?" चित्र त्यांनी हातात घेतले नाही.

मैनाने विचारल्यावर मी तिला म्हटले, "आंब्याचा सिझन आटपला की दादा येईल." हे खरे नव्हते.

दि. २२/०४/२०२५ रोजी सकाळी ती मला म्हणाली, "ताई, सिझनला दादाला माणसं मिळत नाहीत. मीच जाते पेट्या भरायला." मी तिला आधी चित्र पूर्ण करायला सांगितले. मला फोन आला म्हणून मी बाहेर गेले. ११.४० वाजता परत आले तेव्हा ती नव्हती. केंद्राने लगेच पोलिसांना कळवले.

काल मी पावसला गेले असता शेजारीण सोनूबाई यांनी सांगितले की, मंगळवारी दुपारी मैना अंगणात बसून पेट्यांत गवत भरत होती. पाहुणे आलेले होते. राजाराम म्हणाले, "ही वेडी कुणाची कोण, हाकला हिला." ती उठून गेली.

आज सकाळी राजाराम यांच्या बागेतील विहिरीत मिळालेले प्रेत मला सरकारी रुग्णालयात दाखवण्यात आले. राजाराम यांनी ते ओळखले नाही, असे मला सांगण्यात आले. प्रेताच्या डाव्या करंगळीचे पेर नाही. लहानपणी ते विळीवर तुटले तेव्हा दादाने पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले, असे तिने मला सांगितले होते. प्रेत मैना पाष्टे हिचेच आहे.

कोणी न आल्यास प्रेत मी ताब्यात घेईन. ताब्याच्या अर्जात मयताशी नाते विचारले आहे. तो रकाना कोरा ठेवला आहे.

माझा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिलेला आहे.

सही/-
नम्रता शिवलकर