फुकट मिळणारी वस्तू

तुम्हाला सांगते, मी लातूरच्या शाळेत लागले तेव्हा पहिलाच नियम ऐकवला गेला: पुस्तकातल्या उत्तरावर शंका काढायची नाही. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, वर दुष्काळ. नववीच्या अर्थशास्त्राच्या पेपरात प्रश्न होता, 'फुकट मिळणारी वस्तू कोणती?' पुस्तकातलं उत्तर होतं पाणी. एका मुलीनं लिहिलं, ऊन. पास व्हायला तिला तेवढाच एक मार्क हवा होता.

"बाई, चूक द्या," हेडमास्तर म्हणाले.

शेजारचे जुने मास्तर हसले. "बाई लई शिकलेल्या हायेत."

मी हेडमास्तरांना विचारलं, "सर, पाणी फुकट आहे, तर तुमच्या खोलीतल्या पिंपाला कुलूप कशाला?"

"पाणी पुरत न्हाई, म्हणून लावलंय."

"मग मी चूक देणार नाही."

आणि मी 'ऊन'पुढे बरोबरची खूण केली.