काट्याचं उद्यापन

…आणि मी विठोबाकडे मागितलं तरी काय होतं हो? सोनं? नाणं? आषाढी एकादशीला हात जोडून नवस बोलले, "पांडुरंगा, कार्तिकीपर्यंत भाताचं शीत तोंडात घालणार नाही, पण माझे सात किलो उतरव!" म्हैसुरात राहून भात सोडला मी! मग काय, उठले की वजनकाट्यावर, अंघोळ झाली की काट्यावर, पूजा झाली की पुन्हा काट्यावर… देवाला विचारलं, काट्याला विचारलं. पोटाला विचारलं का कुणी?

बरं, भात नाही म्हणजे दोसा चालतो की नाही? चालतो! चार खाल्ले. आमचे हे, रंगराव, शिलाईच्या दुकानातून जेवायला आलेले, ताटाकडे बघून म्हणतात, "अगं, दोसा कशाचा करतात?" मी म्हटलं, "वाटल्यावर तो तांदूळ राहतो का?" प्रत्यक्ष विठोबाला कायदा शिकवत होते मी! पंधरा दिवसांत दीड किलो… वाढलं! वर ह्यांचं, "ब्लाउजची शिवण उसवून देऊ का?"

हसा, हसा! पण त्या शनिवारी माझ्या शरण्याला, अकरावीतल्या लेकीला, गरम सारू-भात, म्हणजे रसम-भात वाढला, तिच्या आवडीचा, आणि पोरीने ताट सरकवलं. "नको आई. काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवतोय." तेवढ्यात तिचं पोट गुरगुरलं… मला ओट्यापाशी ऐकू आलं हो! म्हटलं, "अगं, भूक लागलीय तुला!" तर म्हणते, "तुलाही लागते की. तू कुठे ऐकतेस?"

श्लोक शिकवताना घसा सुकला माझा, आणि हे मात्र पोरगी न शिकवता शिकली! पोटाला विचारलं का कुणी?

तशीच हयग्रीव गुरुजींकडे गेले. "गुरुजी, नवस बदलता येतो?" गुरुजी डोळे मिटून, नाकातून, "अम्माऽ, ज्याचा मोह जास्त ते सोडावं. आणि सोडलं ते उद्यापनाला दान करावं." मोह? भाताचा कसला मोह, तो तर घरचाच! मोह काट्याचा! तिथल्या तिथे देवाला सांगितलं, भात परत घेते, काटा सोडते, सात किलोंचं तुझं तू बघ. काटा गेला माळ्यावर!

आता पंगतीत वाढपी विचारतो ना, "बेका? साका?" हवंय का, पुरे का? परक्या वाढप्याला उत्तर देतो आपण, मग स्वतःच्या पोटाला विचारायला काय झालं? पहिल्या दिवशी विचारलं… गप्प! इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, बुजलं असेल बिचारं! आठवड्याने बोलायला लागलं. म्हैसूरपाक अर्धा खाल्ला आणि आतून आवाज, "साकु!" उरलेला डब्यात ठेवला… शिक्षा म्हणून नाही हो, उद्याही गोडच लागणार म्हणून!

शरण्या नुसती बघायची. गौरीच्या दिवशी मात्र तिने आपणहून ताट पुढे केलं, "आई, बेकु. अजून एक पळी सारू." एक पळी! तुम्हाला सांगते, दसऱ्याची अंबारी बघूनही माझा ऊर इतका कधी भरून आला नाही! पोरीने पोटाला विचारलं होतं!

कार्तिकी झाल्यावर उद्यापन. होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या केल्या, गुरुजींनी पाच खाल्ल्या, तृप्त. मग काट्यावर हळदकुंकू वाहिलं, तुळशीपत्र ठेवलं, गुरुजींना दिला. "हे काय अम्मा?" म्हणत चढले की वर! खाली वाकले, पोट आड आलं, दिसेना. म्हणून शरण्याने वाचून दाखवलं, खणखणीत, "ब्याण्णव!"

शेजारच्या गोदावरीबाई विचारतात, "मग, सात किलो उतरले का?" मला काय माहीत! काटा गुरुजींकडे! लेक जेवते माझी, मला तेवढं वजन पुरे.

तुम्हीही एवढं करा हो माझ्यासाठी. उद्या पान वाढलं की पहिल्या घासाआधी हळूच विचारा, बेका? साका? काटा दान करायचा तर तोही करा… फक्त आमच्या गुरुजींना नको. बिचारे तेव्हापासून एका होळिगेवर उठतात, आणि घरी जाऊन काट्यावर चढतात म्हणे! काय करायचं… त्यांच्या पोटाला विचारा हो कुणीतरी!