बाबांच्या पाठीत वाजणारा डबा

...नाही, पण माणसाच्या दचकण्याचा असा वापर करावा का, तुम्हीच सांगा! आमचा दादा लोकांच्या गाड्यांमध्ये सबवूफर बसवतो, म्हणजे तो धमधमणारा मोठा स्पीकर, आणि त्याचा लाकडी डबा तयार झाला की मला पुढच्या सीटवर बसवतो, बटण दाबतो आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतो. मी दचकते. "उडाली! जमला डबा." आवाज मोजायचं मीटर घे म्हटलं तर म्हणतो, घरचं असताना विकतचं कशाला?

तर बाबा. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं. गाडीतली गाणी कानावर पडेनात, तशी परवा चहा पिताना म्हणाले, "विकून टाकू गाडी. मुक्या गाडीतून जायचं कुठे?" मी दचकले. अहो, पंचवीस वर्षं त्या गाडीवर दुसऱ्या कुणाला फडका मारू दिला नाही त्यांनी!

दादा म्हणाला, कानाने नाही तर पाठीने ऐकवू, आणि डबा तू आख, कॉलेजात शिकलीस ना? आखला! आत साठ लिटर हवा पाहिजे, मग पन्नास गुणिले चाळीस गुणिले तीस सेंटिमीटर... हिशेब चोख. दादाने फळ्या कापल्या, चिकटवल्या, स्क्रू पिळले, बटण दाबलं... ढब्ब, ढब्ब! कुठलंही गाणं लावा, तेच. मी दचकले, पण बाबा? बाबा म्हणाले, "मागून कोण दार ठोठावतंय?"

दादाने स्पीकर काढून मोजायची टेप आत घातली. "बाईसाहेब, फळीची जाडी कोण धरणार?" बाहेरून मापं धरली होती मी! साठ लिटरची पंचेचाळीस झालेली, बिचाऱ्या हवेला अंग हलवायला जागा नाही.

मग दुसरा डबा. बटण दाबलं आणि मी... दचकलेच नाही! सीटमधून काहीतरी हळूच पाठीत चढत गेलं, बस. दादाचा चेहरा पडला. पण बाबांनी डोळे मिटले, स्टिअरिंगवर त्यांची बोटं चालायला लागली.

"हे तुझी आई ताल सोडून म्हणते तेच गाणं ना?"

गाडी राहिली हो! पण आवाज किती वाढलाय हे बाबांना कुठे कळतंय? म्हणून रोज सकाळी मला शेजारी बसवतात, बटण पिळतात, माझ्याकडे बघतात, अजून पिळतात... मी दचकले की जरासं मागे. आणि मीटर? मीटर साडेसातला वेणी घालून दारात उभं असतं.