मिश्राजी, मराठीत म्हणा

तुम्ही मला हट्टी म्हणता ना, मग हे ऐका. आमच्या गाडीचे मागचे शॉकर, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, पार गेले होते. झाशीच्या आमच्या नगरा भागातल्या प्रत्येक खड्ड्यानंतर ती डोलतच राहायची. सीपरी बाजारातून नवे आणले आणि म्हटलं, अंगणातच बदलते. गाडी जॅकवर चढवली, स्टँड लावले, खाली शिरले. खालचा बोल्ट गंजलेला, हलेना.

शेजारचे मिश्राजी फाटकाशी येऊन उभे. "भाभीजी, मिस्त्री बुला लो. ये औरतों का काम नहीं है."

आता झाशीत आपल्या मराठी माणसांची एक सोय आहे. कुणाबद्दल त्याच्यासमोरच बोलायचं असलं की मराठीत बोलायचं. गाडीखालूनच मी नवऱ्याला म्हटलं, "शेखर, ह्यांना घरी पाठव. आयुष्यात कधी सायकलची चेन चढवली नसेल, मला शिकवतायत."

वरून शांतपणे मराठीत उत्तर आलं, "चेन चढवतो मी, वहिनी. भिंतीला भिंत आहे आपली. ऐकून ऐकून येतं सगळं."

शेखर चहाच्या निमित्तानं आत पळाला. मी मात्र बोललेलं परत घेणार नव्हते. म्हटलं, "बरं झालं, दोनदा सांगायला नको. तो पाइप द्या आणि बाजूला व्हा."

पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला, सगळा जोर लावला, तेव्हा बोल्ट करकरत सुटला. दोन्ही शॉकर बसवून गाडी खाली घेतली आणि मिश्राजींना म्हटलं, आता दाबून बघा. त्यांनी मागून दाबली. गाडी बसली, उठली आणि तिथेच थांबली.

"मान गए, भाभीजी," ते पुटपुटले.

मी म्हटलं, "हे पण मराठीत म्हणा. आणि जरा मोठ्यानं."